मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजीतले पुढच्या पायरीचे शब्द आपलेसे कसे करावेत?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच.

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं, नंतर कॉमर्स. आता वय 41. गेली सतरा वर्षं हिशेब खात्यात काम करते. ऑफिसची पत्रं, ईमेल, मीटिंग यांत अडत नाही. अडतं ते वाचताना. इंग्रजी पेपरातला अग्रलेख किंवा एखादा मोठा लेख घेतला की आशय कळतो, पण लेखक नक्की कुठल्या सुरात बोलतोय ते निसटतं. 'रिलक्टंट', 'टेन्युअस', 'अनविटिंगली' असे शब्द अंदाजाने ओलांडून पुढे जाते. लिहायची वेळ आली की माझ्याकडे 'व्हेरी गुड', 'बिग प्रॉब्लेम' आणि 'इम्पॉर्टंट' एवढंच भांडवल.

दोन वर्षांपूर्वी हजार शब्दांची यादी आणली होती. समोर मराठी अर्थ, रोज वीस शब्द. दीड महिन्यात दमले. त्यातून एक प्रसंग घडला, तो अजून टोचतो. एका सहकारिणीने अवघड विषयावर फार सोपं, सुंदर टिपण लिहिलं होतं. मला कौतुक करायचं होतं. यादीत 'सिम्प्लिस्टिक' पुढे 'सोपे' असं लिहिलेलं आठवलं, म्हणून मी सगळ्यांना गेलेल्या उत्तरात तिचं टिपण 'सिम्प्लिस्टिक' आहे असं लिहिलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर कळलं की त्या शब्दाचा अर्थ 'गुंतागुंत लक्षात न घेता उथळपणे सोपं केलेलं' असा आहे. मी तिची माफी मागितली, पण त्या दिवसापासून नवा शब्द वापरायला हात धजत नाही.

मला परीक्षा द्यायची नाही. मला नीट वाचायचंय आणि मनातलं नेमकं लिहायचंय. तुम्ही कसं केलंत?


सह्यवाट

ताई, मी यादीवाला आहे, म्हणून यादीच्या बाजूनेही थोडं बोलतो.

2009 साली जीआरई, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा दिली. तेव्हा त्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या थेट विचारायचे. चार महिन्यांत साधारण तीन हजार शब्द घोकले, गुण चांगले पडले. पुढे ऑगस्ट 2011 पासून ते दोन्ही प्रकार काढून टाकले आणि शब्द परिच्छेदात, वाक्यात विचारायला लागले. मला तो बदल पटला. कारण आज स्वतःला तपासून बघतो तेव्हा त्या तीन हजारांतले जे शब्द पुढच्या वर्षभरात वाचनात पुन्हा भेटले, तेच टिकलेत. बाकीचे जसे आले तसे गेले.

पण यादीने एक गोष्ट केली. शब्द पुस्तकात पहिल्यांदा दिसला तेव्हा 'याला कुठेतरी पाहिलंय' असं वाटून मी थांबलो. लग्नात कुणीतरी लांबून दाखवलेला पाहुणा नंतर एसटीत शेजारी बसला तर आपण बोलायला लागतो, तसं. यादी म्हणजे तेवढी ओळखपाळख. त्या बळावर व्यवहार करायला गेलात तर तुमचा 'सिम्प्लिस्टिक' होतो.


तिसरी_घंटा

सोलापूर जिल्ह्यात 31 वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. आकड्यांनी सुरुवात करतो, कारण 'इंग्रजीत लाखो शब्द आहेत' या भीतीनेच निम्मी मुलं बसकण मारतात.

ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे 2000 मूलभूत शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ते शब्द पाटीपेन्सिलताईंना येतातच, नाहीतर सतरा वर्षं नोकरी झाली नसती. त्यापुढची पायरी म्हणजे 2000 सालची अॅव्हरिल कॉक्सहेड यांची यादी. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या विद्यापीठात त्यांनी वेगवेगळ्या विषयांचं अभ्यासपर लेखन तपासलं आणि सगळीकडे वारंवार येणारी 570 शब्दकुळं निवडली. शब्दकुळ म्हणजे 'अॅनलाइज', 'अॅनॅलिसिस', 'अॅनॅलिटिकल' हे सगळं मिळून एकच. अभ्यासपर मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या 570 कुळांनी व्यापलेला असतो. त्याच विद्यापीठातल्या पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलं, की वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर 8000 ते 9000 शब्दकुळं लागतात. म्हणजे मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे. पन्नास शब्दांत एक अनोळखी.

ताई, तुमच्या आवडीच्या लेखातला तीनशे शब्दांचा तुकडा घ्या आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारा. सहाच्या आसपास रेघा आल्या तर तो लेख तुमच्यासाठी योग्य. तीस आल्या तर तो आत्ता बाजूला ठेवा, त्यात कमीपणा नाही. माझ्या वर्गात मी हे पेन्सिलीने करून घ्यायचो आणि तीन महिन्यांनी तोच उतारा पुन्हा द्यायचो. रेघा खोडताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असत.


पाटीपेन्सिल

सर, आजच केलं. अर्थकारणावरच्या लेखात 9 रेघा, पुस्तक परीक्षणात 22! म्हणजे विषय ओळखीचा असला की शब्द कमी अडतात. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

सगळे नऊच्या नऊ शिकायचे का?


तिसरी_घंटा

नाही. जो शब्द त्याच लेखात दोनदा आला, किंवा ज्याच्यावाचून वाक्य उलगडत नाही, तो घ्या. नवात असे दोन-तीनच निघतील. बाकीचे जाऊ द्या. कामाचे असतील तर ते पुन्हा येतील.


ओसरी

मी संस्कृतची विद्यार्थिनी. आपल्याकडे एक ठेवा घरातच पडून आहे आणि इंग्रजी शिकताना आपण तिकडे बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

1786 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं खोल आहे, की त्या एकाच मुळातून आलेल्या असणार. इंग्रजीतले वजनदार शब्द बहुतांशी लॅटिन आणि ग्रीकमधून आलेत. म्हणजे ते आपल्या चुलत घरातले.

उपसर्ग बघा. आपला 'परि' म्हणजे ग्रीक 'पेरि', भोवती. 'पेरिमीटर' म्हणजे परिमिती, अगदी जसाच्या तसा. आपला 'प्र' म्हणजे 'प्रो'. 'प्रोजेनी' म्हणजे संतती, आणि 'प्रजा' या शब्दाचा मूळ अर्थही संततीच: प्र अधिक जन्. आपला 'दुस्' म्हणजे 'डिस', पण 'डिसफंक्शन'मधला ग्रीक, 'डिसअॅग्री'मधला लॅटिन नव्हे. आपला 'अंतर्' म्हणजे 'इंटर'. नकाराचा 'अ' किंवा 'अन्' तिकडे 'अॅन', 'इन', 'अन' अशी तीन रूपं घेतो.

आता धातू. 'ज्ञा' घ्या. 'नो' हा साधा शब्द, 'कॉग्निशन', 'डायग्नोसिस', 'अॅग्नॉस्टिक' हे सगळे त्याचेच. 'इग्नोरन्स' म्हणजे शब्दशः अज्ञान: तोच अ, तोच ज्ञा. 'मृ' वरून आपल्याकडे मृत्यू आणि मर्त्य, तिकडे 'मॉर्टल' आणि 'मॉर्चुअरी'. आपलं 'अमृत' आणि ग्रीक देवांचं 'अँब्रोसिया' हे तर एकच, न मरणं. 'विद्' वरून 'व्हिजन', 'एव्हिडंट' आणि जुनं इंग्रजी 'विट'. संस्कृतात 'स्पश' म्हणजे हेर, इंग्रजीत 'स्पाय'. त्याच बघण्याच्या मुळापासून 'इन्स्पेक्ट', 'कॉन्स्पिक्युअस', 'सर्कम्स्पेक्ट', 'इंट्रोस्पेक्शन'. 'सर्कम्स्पेक्ट' म्हणजे चहूकडे बघून पाऊल टाकणारा. हे एकदा दिसलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

आणि नांगराचं 'जू' तेच इंग्रजीतलं 'योक'. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगितलं तर त्याला इंग्रजी परकं वाटेल का?


रात्रपाळी

ओसरीताईंच्या यादीत दवाखान्यातून भर. नर्सिंगला असताना 'हायपर' आणि 'हायपो' यांची गल्लत व्हायची आणि ती गल्लत आमच्या कामात जिवावर बेतू शकते. आमच्या एका वरिष्ठ सिस्टरांनी सांगितलं, 'हायपर' म्हणजे उपरि, वर. 'हायपो' म्हणजे उप, खाली. 'हायपोग्लायसेमिया' म्हणजे साखर खाली गेली. तेरा वर्षं झाली, पुन्हा चूक झाली नाही.


उंबरठा

ओसरी, प्रतिसाद अतिशय आवडला, वाचनखूण साठवली. तरी एक विरोधी सूर लावतो, कारण मी या वाटेने गेलो आणि ठेचकाळलो.

व्युत्पत्ती आठवणीची खुंटी आहे, अर्थाची हमी नाही. 'नाइस' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ अडाणी असा होता. तिथून हा शब्द कुठल्या कुठे पोचला. आणि सारखे दिसणारे सगळेच भाऊ नसतात. 'डे' आणि 'दिवस' यांचा संबंध असणार असं कुणालाही वाटेल. नाही. 'दिवस'चा भाऊ आहे लॅटिन 'दिएस', ज्याच्यावरून 'डायरी' आली. 'डे' वेगळ्या कुळातला.

माझ्या मते पाटीपेन्सिलताईंची खरी अडचण शब्दांच्या सोयरिकीची आहे. मराठीतच बघा. चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक, मास्तर कडक. पण पाऊस कडक नसतो, तो जोरदार किंवा मुसळधार. धुकं दाट, दही घट्ट, झाडी गर्द, रंग गडद. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, तरी कुणी 'गर्द दही' म्हटलं तर कान टवकारतात. इंग्रजीतही तसंच. चहा 'स्ट्राँग', ऊन 'हार्श', इस्त्री 'क्रिस्प', मास्तर 'स्ट्रिक्ट', आणि पाऊस मात्र 'हेवी'. 'पॉवरफुल टी' व्याकरणाने बरोबर आहे, पण कुणी म्हणत नाही.

म्हणून वहीत एकटा शब्द लिहू नका. 'टेन्युअस' भेटला तर ज्याच्यासोबत भेटला त्याच्यासकट लिहा: 'टेन्युअस लिंक', 'टेन्युअस ग्रिप'. मराठीत समोर 'क्षीण' असं न लिहिता 'ओढूनताणून जोडलेला संबंध', 'कधीही सुटेल अशी पकड' असं लिहा. 'सिम्प्लिस्टिक' कुठल्या शब्दांसोबत येतो हे चार वाक्यांत पाहिलं असतं तर त्या शब्दाला टीकेचा वास आहे हे तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरा, पण शिकणाऱ्यांसाठी केलेला. 1987 मध्ये बर्मिंगहॅममधून निघालेल्या कोबिल्ड कोशात अर्थ पूर्ण वाक्यात देतात, त्यामुळे शब्द कुणाबद्दल आणि कशाबद्दल वापरायचा हे त्या अर्थामध्येच येतं. माझी भीड त्याने चेपली.


गवतफुला

मला उलट्या बाजूने यावंसं वाटतं. आपली मराठी जितकी बारीक, तितकी इंग्रजी बारीक होते.

मी मुलांसाठी लिहिते, अनुवादही करते. एकदा 'ग्लिमर' शब्दापाशी अडले. कोशात 'चमकणे'. 'ग्लिटर' पाहिला, 'चमकणे'. 'ग्लीम', 'ग्लिसन', 'ट्विंकल', सगळीकडे चमकणेच! मग वही घेऊन बसले आणि आईला विचारलं, की उजेडासाठी तुम्ही काय काय म्हणायचा. तिने एका दमात सांगितलं: चांदणी लुकलुकते, दिवा मिणमिणतो, दागिना चकाकतो, घासलेलं पितळ लखलखतं, तेल लावलेलं लाकूड तकाकतं, जत्रा झगमगते. मग जोड्या आपोआप लागल्या. लुकलुकणं 'ट्विंकल', मिणमिणणं 'ग्लिमर', चकाकणं 'ग्लिटर', तकाकणं 'ग्लीम'च्या जवळचं. 'ग्लिसन' मात्र ओलसर चमक: घामाने, दवाने, डोळ्यांतल्या पाण्याने. त्याला मला मराठीत एका शब्दात उत्तर मिळालं नाही. म्हणूनच तो कायमचा लक्षात राहिला.

इंग्रजीत उजेडाच्या कितीतरी शब्दांची सुरुवात 'ग्ल' या आवाजाने होते हेही तेव्हाच दिसलं. आपल्याकडे तीच कामगिरी अक्षरांची पुनरावृत्ती करते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. मी त्यात आजीचे शब्द घालून बघते आणि एकेका मराठी शब्दापुढे इंग्रजीच्या किती छटा मांडल्यात ते वाचत बसते. तिथली इंग्रजी पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे, म्हणून आजच्या कोशात ताडून मगच वापरायची. पण रविवारची दुपार त्यात कधी संपते कळत नाही.


लग्नपत्रिका

लक्षात ठेवण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. समजणं वेगळं, राहणं वेगळं.

एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की शिकलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, नंतर उतार मंदावतो. म्हणून विसरायच्या बेतात असतानाच उजळणी करायची आणि दर वेळी अंतर वाढवायचं. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये त्यासाठी कप्प्यांच्या डब्याची युक्ती सांगितली. मी बुटाचं खोकं घेतलं, पुठ्ठ्याने पाच कप्पे केले. पत्ते म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापल्या, त्यांची मागची बाजू कोरी असते आणि कागद दणकट. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. बरोबर आलं की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात.

पत्त्याच्या एका बाजूला वाचलेलं पूर्ण वाक्य आणि शब्दाच्या जागी रिकामी रेघ, दुसऱ्या बाजूला शब्द. हेच मोबाइलवर करायचं तर 'अँकी' हे अॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट. मला हाताने लिहिलेलं जास्त राहतं. दिवसाला तीनपेक्षा जास्त नवे पत्ते घालत नाही. सुरुवातीला दहा घालत होतो, वीस दिवसांत पहिला कप्पा तुंबला आणि खोकं माळ्यावर गेलं. तीनवर आल्यापासून चार वर्षं चालू आहे.


दूरदेशी

लीड्समधून लिहितेय. इथे येऊन नऊ वर्षं झाली. आले तेव्हा माझं इंग्रजी पुस्तकी आणि बरंच मोठं होतं, तरी दोन ठिकाणी पंचाईत झाली.

एक, उच्चार. मराठीत लिहिलं तसं वाचतो, त्यामुळे फक्त डोळ्यांनी शिकलेले शब्द मी मनात चुकीचे वाचत होते. 'मिसल्ड' नावाचं काही क्रियापद आहे असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते, ते 'मिस-लेड', म्हणजे दिशाभूल केली, असं निघालं. 'एपिटोम' नव्हे, 'इपिटमी'. 'ऑरी' नव्हे, 'अराय'. शिवाय आघात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. म्हणून शब्द घेतला की तो ऐका आणि वहीत देवनागरीत लिहून जोराच्या अक्षराखाली टिंब द्या. आपली लिपी यासाठी फार सोयीची आहे.

दोन, छोटे शब्द. काम लांबणीवर टाकण्याला मला 'प्रोक्रॅस्टिनेट' येत होतं, पण ऑफिसात लोक 'पुट ऑफ' म्हणायचे. बेत बारगळला तर 'इट फेल थ्रू'. मुलगी आईच्या वळणावर गेली तर 'शी टेक्स आफ्टर हर मदर'. एखाद्याचा त्रास निमूटपणे सोसणं म्हणजे 'पुट अप विथ'. दोन-तीन अक्षरांच्या शब्दांतून केवढे अर्थ. प्रगत शब्दसंग्रह म्हटलं की आपण लांबलचक शब्दांकडे धावतो, पण 'बारगळणं' किंवा 'वळणावर जाणं' यांसारखं घरगुती आणि नेमकं बोलता येणं ही मला जास्त वरची पायरी वाटते. हे यादीतून येत नाही. लोक बोलताना ऐकावं लागतं, रेडिओवरच्या गप्पा, मुलाखती, काहीही.


पाटीपेन्सिल

चार महिन्यांनी धागा वर काढतेय.

सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं. आठवड्याला एक लेख, तोही अर्थकारणावरचा, कारण तिथे रेघा कमी. त्यातले चार किंवा पाच शब्द. खोकं केलं, भाचीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कामी आल्या. आज खोक्यात 74 पत्ते आहेत, पाचव्या कप्प्यात 19. तिसरी_घंटा सरांच्या सांगण्याप्रमाणे तो पहिला उतारा पुन्हा वाचला. नवातल्या सहा रेघा खोडल्या.

मुलगी नववीत आहे. तिला ओसरीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर संध्याकाळी तिने स्वतःहून विचारलं, 'आई, जुव्हेनाइल म्हणजे युवा का गं?' मी कोश काढला. नातं निघालं. ती दोन्ही हात वर करून घरभर फिरली.

आणि मागच्या आठवड्यात त्याच सहकारिणीच्या नव्या अहवालावर लिहायची वेळ आली. मी 'ल्युसिड', म्हणजे स्वच्छ आणि सहज कळणारं, हा शब्द वापरला. त्याआधी तो सहा वाक्यांत बघितला, कुणाच्या लिखाणाला म्हणतात, कौतुकाने म्हणतात ना, सगळं. ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, हा शब्द मी जपून ठेवणार.

आता एक नवी अडचण. गवतफुलाताईंच्या पद्धतीने मराठीकडून निघाले आणि 'हुरहुर' या शब्दावर थांबलेय. मुलगी सहलीला गेली त्या संध्याकाळी वाटली ती. काळजी नव्हे, दुःख नव्हे. याला काय म्हणाल?


गवतफुला

'विस्टफुल' जवळचा आहे, पण त्यात गेलेल्या गोष्टीची ओढ जास्त. हुरहुरीत पुढचीही असते.


दूरदेशी

इथे शेजारच्या आजी मुलगा परत गेला की म्हणतात, 'आय फील अ बिट ऑफ अ पँग'. पण 'पँग' म्हणजे क्षणाची कळ, आणि हुरहुर तर संध्याकाळभर पुरते. मी उद्या त्यांना विचारून सांगते.